बी.एड.चा फॉर्म भरण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नागपूरच्या एका वाचकाने लिहिलं आहे. वय ३६, खुला प्रवर्ग. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये बी.ई., ६४ टक्के. तेरा वर्षं एकाच सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम, आधी पुण्यात आणि गेली सहा वर्षं नागपूरच्या मिहान प्रकल्पात. परदेशी ग्राहकाचा प्रकल्प बंद पडला, दोन महिन्यांपासून ते बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना बसून आहेत आणि टीममधल्या चौघांना राजीनामे द्यायला सांगितलं गेलं आहे. हातात ८२,००० येतात, बेसिक ३०,०००. पत्नी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिचे १९,०००. मुलगी तिसरीत. बेसाच्या फ्लॅटचा हप्ता २६,५०० आणि तो धरून महिन्याचा खर्च ६१,०००. बँकेत सहा लाखांची ठेव. वडील काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. ते म्हणतात, "मास्तरकी कर ना बाप्पा, कोनाच्या बापाले भ्यायचं काम नाही." म्हणून जूनमध्ये राजीनामा, मग बी.एड., मग अनुदानित शाळा आणि संध्याकाळी कोचिंग, असा बेत ठरला आहे. नात्यातल्या एकाने उमरेडच्या पुढच्या एका संस्थेत 'जागा धरून ठेवतो' म्हणून बारा लाख मागितले आहेत. वाचक विचारतात: मंदीत शिक्षकी हीच सुरक्षित जागा नाही का?

उत्तर:

तुम्ही आकडे नीट दिलेत हे फार बरं झालं, कारण अर्धं उत्तर त्यांच्यातच आहे. वयापासून सुरू करतो.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. त्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) साधारण मार्चमध्ये होते, प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळाभर चालतात. यंदाची सीईटी दिली नसेल तर जूनमधला राजीनामा तुम्हाला थेट पुढच्या वर्षीच्या रांगेत उभा करतो. दिली असेल तरी शेवटच्या सत्राचा निकाल हाती पडेपर्यंत तुम्ही ३८ च्या काठावर असाल किंवा पलीकडे. राज्यात सरळसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आहे, मागास प्रवर्गाला ४३. त्यात शिक्षक भरतीसाठी लागणारी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी दरवर्षी होतेच असं नाही. ती डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर २०२३ च्या सुरुवातीला आणि मग २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमधलं अंतर पाच वर्षांहून जास्त होतं. म्हणजे जिल्हा परिषदेचा रस्ता तुम्ही चालायला लागाल तोवर त्याचं फाटक लागलेलं असण्याचीच शक्यता मोठी आहे. तुम्ही २६ चे असता तर उत्तर वेगळं असतं.

आता बाबांच्या नोकरीबद्दल. ते चुकीचं काही सांगत नाहीत, त्यांच्या काळाचं सांगतात. पण ती नोकरी बी.एड. करून मिळत नाही. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका लागते, आणि या वर्गांना बी.एड. चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला स्पष्ट केलं. बी.एड.वाल्याला सहावी ते आठवीचा विषय शिक्षक होता येतं, त्यासाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो: १५० प्रश्न, १५० मिनिटं, खुल्या प्रवर्गाला किमान ९० गुण. नववी-दहावीला टीईटी नाही, पण अनुदानित शाळेत जायचं तर अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शासनाची ऑनलाइन शिक्षक भरती, आहेच.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० आहे. बाबांना मिळते ती पेन्शन १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागलेल्यांना नाही. आणि 'एकदा लागलं की कोणी हलवत नाही' हेही आता पूर्ण खरं राहिलेलं नाही: सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं गेलं. विद्यार्थी घटले की संचमान्यतेत (पटसंख्येवरून होणाऱ्या पदमंजुरीत) पदं कमी होतात आणि शिक्षक अतिरिक्त ठरतात, तो भाग वेगळाच.

तुमच्या घरचा हिशेब याच्याशी जोडून पाहू. राजीनाम्यानंतर पत्नीच्या १९,००० वर घर चालेल, म्हणजे दरमहा ४२,००० ठेवीतून काढावे लागतील. ग्रॅच्युइटी बेसिकच्या २६ पैकी १५ दिवसांच्या हिशेबाने, गुणिले तेरा वर्षं, अशी २,२५,००० होते. ठेव धरून ८,२५,०००. ते साडेएकोणीस महिन्यांत संपतात. बी.एड. चोवीस महिन्यांचं आहे, आणि यात फी धरलेलीच नाही. पुढे सगळं मनासारखं घडून माध्यमिक शाळेत लागलात, तर तीन वर्षं घरात १८,००० अधिक १९,००० येतील आणि खर्च ६१,००० राहील. दरमहा २४,००० ची ही फट तीन वर्षांत ८,६४,००० होते. एवढी रक्कम कुठून येणार, हे पत्नीसोबत बसून कागदावर लिहा. 'तोवर काहीतरी होईल' हा त्या कागदावरचा आकडा नव्हे.

यावर कोणीतरी तुम्हाला नॉन-अटेंडिंग बी.एड. सुचवेलच: नोकरी चालू ठेवा, हजेरीचं आम्ही पाहतो. त्या वाटेला जाऊ नका. नियमाने तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते, आणि आंतरवासिता दोन वर्षांत मिळून वीस आठवड्यांची आहे. मिहानमधल्या नोकरीचा भविष्य निर्वाह निधी ज्या महिन्यांत जमा झाला, त्याच महिन्यांत तुम्ही दिवसभर महाविद्यालयात होता असं प्रमाणपत्र सांगत असेल, तर कागदपत्र पडताळणीत हे दोन कागद समोरासमोर येतात. त्या वेळी महाविद्यालय मदतीला येत नाही. मुक्त विद्यापीठांचं बी.एड.ही तुमच्या उपयोगाचं नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे आणि इग्नूलाही आधीचं शिक्षक प्रशिक्षण लागतं.

एक वर्षाच्या बी.एड.ची चर्चा तुमच्या कानावर आली असेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी असलेल्यांसाठी ते सुचवलेलं आहे. ज्या वर्षी ते सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत छापून येईल, त्या वर्षी विचार करा. त्याच्या भरवशावर आज नोकरी सोडू नका.

बारा लाखांबद्दल

इथे उत्तर सरळ 'नाही' आहे.

अनुदानित शाळेत पद कसं भरतात ते पाहिलं की नाही का, ते कळेल. आधी ते पद संचमान्यतेत मंजूर दिसावं लागतं. संस्थेची बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं याची नोंद) मागासवर्ग कक्षाकडून तपासलेली लागते. मागणी पवित्र पोर्टलवर जाते, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवरून उमेदवार येतात, संस्था मुलाखत घेते. निवडीनंतर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि त्यानंतर शालार्थ आयडी. तो आयडी नसेल तर शासनाचा पगार खात्यात पडत नाही. या साखळीत संस्थाचालकाला 'जागा धरून ठेवायची' सोय कुठेच नाही. त्यातून तुमचं बी.एड. सुरूही झालेलं नाही. दोन वर्षांनी पात्र होणाऱ्या माणसासाठी आज पद राखणारा तुम्हाला एक तर फसवतोय, किंवा जुन्या तारखेचा नियुक्ती आदेश तयार करायच्या बेतात आहे. २०२५ मध्ये याच नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघड झालं, अटका झाल्या, चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं. अशा प्रकरणात पैसे देऊन लागलेला शिक्षक सुटत नाही. पगार थांबतो, घेतलेला परत मागितला जाऊ शकतो, गुन्ह्यात नाव येतं. दिलेल्या रकमेची पावती नसते, त्यामुळे ती मागायला जागाही नसते.

नातं टिकवून नकार द्यायचा असेल तर त्यांना तीन कागद मागा: चालू वर्षाची संचमान्यता, तपासलेली बिंदुनामावली आणि पवित्र पोर्टलवरच्या मागणीची प्रत. विषय बहुधा तिथेच थांबेल. 'शाळा आता २० टक्क्यांवर आहे, पुढे शंभर टक्के अनुदान होईल' हे वाक्यही तुम्हाला ऐकवलं जाईल. २० टक्क्यांवरची शाळा म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा शासनाकडून. बाकीचा संस्थेने द्यायचा असतो, आणि तो देतात की नाही हे तिथल्या शिक्षकांना शाळेबाहेर, चहाच्या टपरीवर विचारा.

मंदी, अर्धा दिवस आणि संध्याकाळचं कोचिंग

शिक्षकी मंदीपासून सुरक्षित असते असं तुम्ही धरून चाललात. सरकारी पगाराबद्दल ते बऱ्यापैकी खरं आहे. खासगी शाळेचा पगार मात्र पालकांच्या फीमधून निघतो, आणि पालकांत तुमच्या कंपनीतले चौघेही असू शकतात. फी थकते, मुलं स्वस्त शाळेत जातात, शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के प्रवेशांची शासनाकडून यायची रक्कम अडकते, आणि महिनाअखेरीस शिक्षकांना 'पुढच्या आठवड्यात' ऐकायला मिळतं. शिवाय मंदीत तुमच्यासारखेच बरेच जण एकाच वेळी शाळांचे दरवाजे ठोठावतात. एप्रिलच्या शेवटी कूलर घ्यायला निघालेल्या माणसाला भाव करता येत नाही, तशी त्यांची गत होते. शाळेला कमी पगारात इंजिनिअर मिळतो.

अर्धा दिवस नोकरी हाही गैरसमजच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला तयारी धरून किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि वर्षाला पहिली ते पाचवीसाठी २०० तर सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस. साठ मुलांचा एक पेपर तपासायला पाच मिनिटं धरली तरी एका वर्गाचा गठ्ठा पाच तास खातो. सरकारी शाळेत त्यावर युडायस या शासकीय नोंदणीत शाळेची माहिती भरणं, निवडणूक आणि जनगणना.

आणि संध्याकाळचं कोचिंग: याच कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी करायला मनाई करतं. घेणारे घेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घराचा हप्ता ज्या मिळकतीवर अवलंबून आहे ती एका तक्रार अर्जाने बंद पडू शकते, एवढं लक्षात ठेवून बेत आखा. कोचिंग करायचं तर तेच करा, शाळेच्या नोकरीचं शेपूट म्हणून नको.

मग दार कोणतं उघडं आहे?

शिकवणं म्हणजे शाळाच, असं तुमच्या पत्रात गृहीत आहे. तुमच्या पदवीची आणि अनुभवाची किंमत शाळेत सर्वांत कमी होते. बी.ई.ला ५५ टक्क्यांवर बी.एड.ला प्रवेश मिळतो म्हणून गणित शिक्षकाच्या प्रत्येक जागेला बी.ई. चालतेच असं नाही. जाहिराती पदवीचा विषय पाहतात, आणि बरेच इंजिनिअर हे बी.एड. झाल्यावर शोधून काढतात.

पॉलिटेक्निकचं तसं नाही. पदविकेच्या अधिव्याख्यात्याला संबंधित शाखेतली प्रथम वर्गाची बी.ई. पुरते. बी.एड. लागत नाही, टीईटी लागत नाही. तुमचे ६४ टक्के त्यात बसतात. शासकीय तंत्रनिकेतनातल्या कायम जागा लोकसेवा आयोगामार्फत भरतात, त्या क्वचित निघतात आणि स्पर्धा मोठी असते. पण हिंगणा रोड, वानाडोंगरी, काटोल रोड, कामठी, बुटीबोरी या पट्ट्यातल्या खासगी महाविद्यालयांना सत्र सुरू होताना तासिका तत्त्वावर माणसं लागतात. पदविकेचं विषम सत्र साधारण जुलैत आणि सम सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला थेट विभागप्रमुखांना भेटा, कार्यालयातल्या अर्जपेटीत अर्ज टाकून येऊ नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या बी.ई.ला संगणक विभाग घेतो का, हे प्रत्येक ठिकाणी पहिल्याच भेटीत विचारा. अनुभव टेस्टिंगचा आणि पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, इथे शाखा जुळत नाही म्हणून विद्यापीठाची किंवा मंडळाची मान्यता अडते. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्स विभागात डिजिटल सर्किट्स, मायक्रोकंट्रोलर, सी प्रोग्रॅमिंग मागा. प्रयोगशाळा सांभाळायला तयार असलेला माणूस त्यांना हवाच असतो.

तिथेही सगळं गोड नाही. तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) वेतनश्रेणी कागदावर असते, हातात 'एकत्रित' रक्कम येते. विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. पगार बारा महिन्यांचा की दहा? मागचा कोणत्या महिन्याचा मिळाला? बँकेतून येतो की त्यातला काही भाग रोखीने परत मागतात? भविष्य निर्वाह निधी कापतात का? पहिल्या वर्षाच्या प्रवेशांची जबाबदारी शिक्षकांवर टाकतात का? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मे महिन्यात, ४५ डिग्रीत, गावोगाव पत्रकं वाटताना त्यांना तो आठवतो. उत्तरं प्राचार्यांकडून नव्हे, दोन-तीन वर्षं तिथे काढलेल्या व्याख्यात्याकडून घ्या. पदवी महाविद्यालयात जायचं तर एम.टेक. लागेल, तो पुढचा विषय.

दुसरं दार सीबीएसई शाळांचं आणि केंद्रीय विद्यालयांचं. त्यांचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून मुलाखती जानेवारी ते मार्चमध्ये होतात. जूनमध्ये राजीनामा देऊन शाळा शोधणाऱ्याला उरलेल्या जागा मिळतात. अजनी, वायुसेना नगर, कामठी इथल्या केंद्रीय विद्यालयांत दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कंत्राटी शिक्षकांची यादी थेट मुलाखतीने करतात, त्यात संगणक प्रशिक्षकाची जागाही असते. सत्र संपलं की ते कंत्राट संपतं, पण वर्गात उभं राहण्याचा अनुभव मिळतो. तुमच्या शाखेला पात्रता बसते का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहून जा.

कोचिंगचं गणित निराळं. धरमपेठ, नंदनवन, मनीषनगर भागांतल्या मोठ्या क्लासेसमध्ये जेईईचं भौतिकशास्त्र शिकवायला तेरा वर्षांपूर्वीची बी.ई. पुरणार नाही. किमान दहा वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवा आणि मगच डेमोला जा. तिथला खरा डेमो फळ्यावर होत नाही, शंकांच्या तासाला होतो. मुलगा न पाहिलेलं गणित पुढे टाकतो आणि मालक मागे उभा राहून पाहतो. घरगुती नववी-दहावीच्या गणिताने सुरुवात करणं तुम्हाला सोपं जाईल. बारा मुलं, महिन्याला बाराशे रुपये धरा, म्हणजे १४,४००. हप्त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. फी वर्षाची एकदम न मागता महिन्याच्या महिन्याला घ्या. मंदीत पालकांना ते पेलतं, आणि दुसऱ्या महिन्यात कोण थकतंय हे तुम्हाला लवकर कळतं.

एक दार मात्र तुमच्या कंपनीतच आहे, त्याचा पत्रात उल्लेख नाही. बेंचवर आहात, तर नव्या भरतीच्या प्रशिक्षणात टेस्टिंगचे तास मागून घ्या. पगार चालू राहतो, शिकवण्याचा अनुभव कंपनीच्या कागदावर लागतो, आणि पॉलिटेक्निकच्या मुलाखतीत तो दाखवता येतो. नकार मिळाला तरी गमवायचं काही नाही.

आठ आठवड्यांची चाचणी

राजीनाम्याआधी आठ आठवडे शनिवार-रविवार शिकवून पाहा. बेसा-मनीषनगरातली आठ ते बारा मुलं, एकच विषय. उन्हाळा असेल तर सकाळी सात ते नऊ, त्यानंतर मुलंही बसत नाहीत. तुमच्या नियुक्तीपत्रात बाहेरच्या कामाला मनाई असेल, तर या आठ आठवड्यांचे पैसे घेऊ नका.

इंजिनिअर वर्गात कुठे अडतात, हे जवळपास ठरलेलं आहे. ते स्लाइड्स करून आणतात. फळ्यावर लिहिताना मुलं वहीत उतरवतात आणि तेवढा वेळ त्यांना विचाराला मिळतो, स्लाइडवर मिळत नाही. दुसरं, पहिल्या बाकावरच्या दोघांशी संवाद होतो आणि तास छान झाला असं वाटतं. तिसरं, 'समजलं का?' विचारतात आणि मुलं एका सुरात 'हो' म्हणतात. त्याऐवजी गणिताची पुढची पायरी शेवटच्या बाकावरच्या मुलाला फळ्यावर येऊन करायला सांगा. ऋण संख्यांची वजाबाकी घ्या, मुलं कुठे चुकतात ते बघा: उणे पाचमधून उणे तीन वजा केले की बरीच मुलं उणे आठ लिहितात. ती चूक कशी होते हे तुम्हाला मुलाच्या बाजूने सांगता आलं, तर शिकवणं जमायला लागलं. नुसता 'नियम असा आहे' म्हणून तो फळ्यावर लिहून मोकळे झालात, तर अजून नाही.

चौथ्या आठवड्यात वीस गुणांची चाचणी घ्या, तपासा, आठव्यात त्याच घटकांवर पुन्हा घ्या. मधल्या दोघा-तिघांचे गुण हलले का, तेवढंच पाहा. हुशार मुलाचे गुण तुमच्याविना वाढतात. मग दोन दिवस रजा टाकून ओळखीच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने दिवसभर बसा, जमल्यास बदली तासिका घ्या. दिवसाला सहा तासिका, प्रत्येकी पस्तीस-चाळीस मिनिटं, उभ्याने. आवाज किती वाजता बसतो ते कळेल.

आठ आठवड्यांनंतरही शिकवावंसं वाटत असेल, तर माझं मत असं: बी.एड. आत्ता नको. नोकरी आहे तोवर सोडू नका, टेस्टिंगमधल्या जागांसाठी पुण्यात आणि घरून कामाच्या कंपन्यांत अर्ज चालू ठेवा, आणि पुढच्या सत्रात पॉलिटेक्निकच्या तासिका मिळवायच्या मागे लागा. कंपनीने काढलंच, तर त्याच तासिका आणि घरची बॅच मिळून पहिला आधार होईल.

तुमच्यासारख्या इतरांसाठी

बी.एससी. किंवा एम.एससी. झालेल्या, तिशीच्या आतल्या, घरात दुसरा पक्का पगार असलेल्या वाचकांनी मात्र बी.एड. नक्की करावं. गणित-विज्ञानाची पदवी भरतीत थेट विषयाला लागते. सीईटी सोपी आहे: १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी माध्यमातून करायचं असेल तर सोबतची ईएलसीटी परीक्षा देणं विसरू नका. ती राहिली म्हणून वर्ष हुकलेले दर वर्षी भेटतात. महाविद्यालयाने सांगितलेली फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. टीईटीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, त्यामुळे ती लवकर देऊन टाका. लहान मुलांत रमणाऱ्या बारावी उत्तीर्णांनी बी.एड.ऐवजी डी.एल.एड. बघावं.

राजीनामा द्यावाच लागला तर

कंपनीने 'स्वतःहून द्या' म्हटलं तरी त्याच खोलीत सही करू नका. नोटीस काळाचे पैसे, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी यांचे आकडे आधी ई-मेलवर मागा. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी. भविष्य निर्वाह निधी काढू नका. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, किंवा त्याच विमा कंपनीकडे गटातून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारा. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गृहकर्जाच्या बँकेकडे हप्ता चुकण्याआधी जा. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची बोलणी पगाराची पावती हातात असताना जमतात, हप्ते थकल्यावर अवघड होतात.

आणि कुठल्याही शाळेत, क्लासमध्ये किंवा महाविद्यालयात रुजू होताना मूळ गुणपत्रिका आणि पदवी जमा करून घेतात म्हणाले, तर देऊ नका. मूळ दाखवा, साक्षांकित प्रती द्या, मूळ त्याच वेळी परत घ्या. सत्र अर्धवट सोडायची वेळ आली तर ती कागदपत्रं अडवून धरतात, आणि तोवर दुसरीकडची जागा भरलेली असते.